गोल काळे करण्याची कला

मी चित्रकला शिकवतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी "अरे वा" म्हणतो आणि मग जरा थांबून "आणि बाकी काय शिकवता?" असं विचारतो. बाकी मी काहीच शिकवत नाही. इतकी वर्षं झाली, पण या प्रश्नाला ठसक्यात उत्तर देणं मला काही जमलेलं नाही. शाळेतही तीच तऱ्हा. विज्ञानाचा धडा मागे राहिला की माझा तास घ्या, फोटोवाला आला की माझा तास घ्या, कोणाच्या निरोपसमारंभाला खुर्च्या कमी पडल्या की माझ्या हॉलमधली स्टुलं न्या. तास नेले तर नेले, मी बोलत नाही. हॉलबद्दल मात्र मी कोणाच्या बापाचं ऐकून घेत नाही. वरच्या मजल्याच्या टोकाला, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, बुटकी टेबलं, त्यांच्यावर कित्येक वर्षांचे रंगांचे डाग, आणि दुपारभर भरपूर उजेड. जगात माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा आहे. घरी माझी एक खुर्ची आहे, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसतात.

तर हा हॉल माझ्या हातून जायची वेळ आली, आणि ती मी स्वतःच्या तोंडाने आणली.

झालं असं. सातवीच्या मुलांची वर्षाच्या शेवटी एक मोठी चाचणी होते. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, आणि प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल. जे उत्तर बरोबर वाटेल त्याचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. ती उत्तरपत्रिका माणूस तपासत नाही, मशीन तपासतं. गेल्या वर्षी या मशीनने आमच्या शाळेच्या निम्म्याअधिक उत्तरपत्रिका 'वाचता येत नाही' असा शेरा मारून परत पाठवल्या. कोणी गोलात फुली मारली होती, कोणी नुसता ठिपका दिला होता, एकाने खोडताखोडता कागदाला आरपार भोक पाडलं होतं, आणि एकाने तर सगळ्या गोलांना डोळे, नाक आणि मिशा काढल्या होत्या. हा शेवटचा माझा लाडका विद्यार्थी. अर्थात हे मी मिटिंगमध्ये बोललो नाही.

मिटिंगमध्ये गणिताचे सर बोलले. गणिताचे सर माझे वैरी नाहीत, पण त्यांच्या खिशात कायम मोजपट्टीची टेप असते, आणि अशा माणसाशी मैत्री करणं अवघड जातं. त्यांचं म्हणणं, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चाचणीचं सराव केंद्र करावं. एकेका मुलाला एकेक बाक, मध्ये लाकडी आडोसे, समोर मोठं घड्याळ. हॉल त्यांनी आधीच मोजून ठेवला होता. चित्रकलेसाठी त्यांनी व्हरांडा सुचवला, कारण तिथे वारा चांगला येतो. वारा येतो तिथे चित्राचा कागद कसा राहणार, हे त्यांनी मोजलेलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि तावातावाने म्हणालो, की मुलांना उत्तरं आली नाहीत म्हणून पेपर परत आलेले नाहीत, गोल भरता आले नाहीत म्हणून आलेत. आणि गोल भरणं हा गणिताचा विषय नाही, माझा आहे. बोलून मी खाली बसलो. मला वाटलं, जिंकलो. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. बाई स्वभावाने प्रेमळ आहेत. त्यांचे सगळेच वाईट निर्णय त्या अतिशय मायेने सांगतात.

"मग यंदा सातवीचा सराव तुम्हीच करून घ्या, सर," त्या म्हणाल्या. "एकही पेपर परत आला नाही, तर हॉल तुमचा. आला, तर मग काय ते बघू."

'काय ते बघू' म्हणताना त्यांनी गणिताच्या सरांकडे पाहिलं. सरांनी टेपकडे पाहिलं.

घरी येऊन मी हे जरा मोठेपणाच्या सुरात सांगितलं. माझी बायको औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचून तिचा माणसांच्या हुशारीवरचा विश्वास उडालेला आहे. ती एवढंच म्हणाली, की अहो, लोक कोंडीत सापडतात, तुम्ही चालत जाता. आमची कन्या याच सातवीत आहे. ती मला शाळेत 'सर' म्हणते, घरी 'बाबा' म्हणते, आणि अपमान करायचा असेल तेव्हा घरी 'सर' म्हणते. ती म्हणाली, "सर, तुम्हाला अपूर्णांक येतात का?" मी तिला हात धुऊन जेवायला बसायला सांगितलं.

आता आमच्या इमारतीत एखादी गोष्ट एका घरात ठरली की ती सगळ्या जिन्याने ठरवली असं धरतात. दुसऱ्याच दिवशी समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्या मुलाने म्हणे लहानपणी अशा सगळ्या चाचण्या मारल्या होत्या. त्याचं रहस्य हे, की परीक्षेच्या आधी महिनाभर त्याने उजव्या हाताने काही म्हणून उचललं नाही. तो आता चांगला बाप्या झाला आहे आणि अजूनही काही उचलत नाही, हे आम्ही रोज बघतो. वरच्या मजल्यावरचे काका वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. एक गोल भरायला किती वेळ लागतो हे मोजल्याखेरीज शिकवणं म्हणजे अंधारात तीर मारणं, असं त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, आणि तिथेच, भाजीची पिशवी गुडघ्यांत धरून, माझ्याकडून पाठकोऱ्या कागदावर गोल भरून घेतले. मी फार सुंदर भरतो पण फार हळू, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

तिसरा सल्लागार माझा मेहुणा. हा ऑफिसांमधली मशीनं दुरुस्त करतो. म्हणजे ऑफिसवाले त्याला बोलावतात हे खरं आहे. पुढचं मला माहीत नाही. तो म्हणाला, "भावोजी, हाताने तपासून काय कळणार? मशीनने वाचलं पाहिजे ना. मी आणतो मशीन." मी हसलो. आमच्या घरात त्याच्या बोलण्यावर हसायची पद्धत आहे. ते हसणं मला महाग पडलं, पण ते पुढे.

आधी पेन्सिलीचं सांगतो. चाचणीच्या परिपत्रकात लिहिलं होतं, की उमेदवारांनी सोबत जोडलेल्या नमुन्याप्रमाणेच पेन्सिल वापरावी. सोबत काही जोडलेलं नव्हतं. पेन्सिलीच्या बाबतीत मी हयगय करत नाही, म्हणून मी जातीने शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, पेन्सिलीला टाचणी लागत नाही, म्हणून नमुना जोडता आला नाही; हवा असेल तर अर्ज करा. मी खिशातली पेन्सिल काढून तिथल्या तिथे अर्ज लिहिला. साहेबांनी तो हातही न लावता परत दिला, कारण पेन्सिलीने लिहिलेला अर्ज चालत नाही. पेनाने लिहिला. मग मोठ्या साहेबांची सही, मग शिक्का, मग जेवणाची सुट्टी. शेवटी नमुना मिळाला. ती पेन्सिलीची झेरॉक्स होती. पेन्सिल काचेवर आडवी ठेवून काढलेली, खाली 'खरी प्रत' असा शिक्का. तिची काळेपणाची जात कुठली हे त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी ती झेरॉक्स घडी न घालता घरी आणली. बायकोने विचारलं, "आणि खोडरबराची?"

सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी मुलांपुढे आदर्श ठेवावा म्हणून मी स्वतः एक सराव पेपर सोडवला. हा मोठेपणा नडला. माझे गोल छापल्यासारखे आले, आणि उत्तरं जवळजवळ सगळी चुकली. एक पाण्याची टाकी होती, ती एका नळाने भरत होती आणि दुसऱ्याने रिकामी होत होती. दुसरा नळ आधी बंद का करत नाहीत हे मला आजतागायत कळलेलं नाही. गणिताच्या सरांनी तो पेपर तपासून स्टाफरूममध्ये टेबलावर उघडा ठेवला. कन्येने घरी तो प्रसंग अभिनयासह सांगितला. समोरच्या वहिनी मुद्दाम दुसऱ्यांदा ऐकायला आल्या.

पण एक सांगतो, शिकवायला लागल्यावर मी शिकवलंच. उत्तरं ज्याची त्याने शिकवावीत, माझं काम गोलांचं. पेन्सिल कशी धरायची, मनगट सैल कसं सोडायचं, कडेकडेने आत कसं यायचं, रेषेबाहेर न जाता कसं थांबायचं. पहिले काही दिवस मुलं पार कंटाळली. ओळीने गोल, पुन्हा ओळीने गोल, एखाद्याला शिक्षा द्यावी तसं ते चाललं होतं. मागच्या टेबलाशी बसलेल्या एकीला जांभई आली आणि तिच्यामागून अख्ख्या वर्गाला आली, मलाही आली. तेव्हा मी म्हणालो, की पोरांनो, नुसतं काळं फासू नका. हा गोल म्हणजे गोटी आहे असं समजा. हातात घ्यावीशी वाटली पाहिजे.

आणि काय सांगू, वर्ग पालटला. माना खाली, जिभा बाहेर, हॉलमध्ये फक्त पेन्सिलींचा आवाज. एकेक उत्तरपत्रिका अशी झाली की बघत राहावं. गेल्या वर्षी गोलांना मिशा काढणाऱ्याचा धाकटा भाऊ याच वर्गात आहे. त्याची उत्तरपत्रिका तर फ्रेम करून लावावी. मी ते कागद घरी नेऊन बायकोला दाखवले, जिन्यात भेटेल त्याला दाखवले. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. हॉल वाचल्यात जमा होता.

आणि एका रविवारी मेहुण्याने खरंच मशीन आणलं.

ते कुठल्याशा ऑफिसातून बाद झालेलं होतं, आणि का बाद झालं ते जिन्यातच कळलं. ते कपाटाएवढं होतं. चार माणसांनी ते वर आणलं, पाचव्याने सूचना केल्या, पाचवा मेहुणा. दारातून आत जाईना म्हणून दाराची एक फळी काढली. मग ते जेवणाच्या टेबलावर चढवलं आणि आम्ही पुढचे काही दिवस ओट्याशी उभं राहून जेवलो. मशीन सुरू केलं की घरातले दिवे मंद व्हायचे आणि वरच्या काकांचा पंखा बंद पडायचा, म्हणून काका खाली आले. काका आले म्हणून वहिनी आल्या. बघताबघता आमच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही.

मेहुण्याने सगळ्यांना मागे सरकवलं आणि मी माझ्या वर्गाची पहिली उत्तरपत्रिका आत सरकवली. मशीन गुरगुरलं, थरथरलं, कागद गिळला आणि मागून बाहेर टाकला. बाजूच्या फटीतून एक चिठ्ठी आली. 'भरलेले गोल : एकही नाही.'

दुसरा कागद घातला. एकही नाही. कन्येचा घातला. एकही नाही. मिशावाल्याच्या भावाचा, ज्याची फ्रेम करायची होती, तोही घातला. त्यावर मशीनने जरा विचार केल्यासारखा आवाज केला आणि तेच सांगितलं.

मेहुणा म्हणाला, धूळ आहे. त्याने मशीन उघडलं, फुंकलं, परत मिटलं. एक स्प्रिंग बाहेर राहिली. ती जास्तीचीच होती असं तो म्हणाला. वहिनींचं मत पडलं की मशीनचं तोंड त्या भिंतीकडे नको. आम्ही ते फिरवलं. फिरवताना टेबलाचा पाय वाकला. काकांनी वरून विजेचा दाब मोजायचं काहीतरी आणलं आणि दाब ठीक असल्याचं जरा निराश होऊन जाहीर केलं. मी कोपऱ्यात घाम पुसत उभा. चाचणी तोंडावर आलेली, आणि पोरांचे सगळे कागद मशीनच्या लेखी कोरे. हॉलमधले लाकडी आडोसे मला डोळ्यांसमोर दिसायला लागले.

शेवटी मेहुण्याने वैतागून एक कोरी उत्तरपत्रिका घेतली आणि चुलीत कोळसा ढकलावा तसे तिच्यावरचे वाट्टेल ते गोल काळेकुट्ट बरबटले. मला ते बघवेना. कागद आत गेला, आणि चिठ्ठीत गोलन् गोल वाचल्याचं आलं. वर कन्येने ती सराव पेपरच्या उत्तरांशी ताडून पाहिली, तर मेहुण्याची माझ्यापेक्षा जास्त बरोबर निघाली. प्रश्न न वाचता.

म्हणजे मशीन शाबूत होतं. काकांनी खिशातून भिंग काढलं, आमच्या कन्येची उत्तरपत्रिका खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ एकेक गोल तपासला. मग म्हणाले, "गोल उत्तम आहेत. पण प्रत्येकात हा पांढरा ठिपका कसला राहिलाय?"

आता यात न कळण्यासारखं काय होतं? मला त्यांची कीवच आली. मी पुढे होऊन अगदी प्रेमाने समजावून सांगू लागलो, की काका, तो उजेड. गोटी आहे ना ती. उजेड वरून डावीकडून येतो, म्हणून तिथे जागा कोरी सोडायची आणि तिथून कडेकडे हलक्या हाताने गडद करत जायचं. पाचवीपासून शिकवलंय मी त्यांना. एकानेही विसरलेलं नाही, बघा, एकानेही…

इथे मी काकांच्या हातातून कागद आणि भिंग दोन्ही काढून घेतलं.  बायकोने जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

"सर," कन्या म्हणाली, "तुम्ही फारच चांगलं शिकवलंत."

त्या दिवशी मला जे वाटलं ते मी उघडच सांगतो. मला रडूही येत होतं आणि छातीही फुगत होती. अख्खा वर्ग, एक पोर सुटलं नव्हतं, सगळ्यांना उजेड कुठून येतो ते पक्कं ठाऊक होतं. आणि आता मला ते पुसायचं होतं, तेही थोड्या दिवसांत.

सोमवारी वर्गात जाऊन मी सांगितलं, की उद्यापासून गोल सपाट. ठिपका नको, कडा नको, सगळं एकसारखं काळं. मुलांना वाटलं मी आजारी आहे. एक मुलगा हळूच म्हणाला, "पण सर, मग तो चपटा दिसतो." मी म्हणालो, चपटाच हवा. पुढच्या टेबलाशी बसलेली मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. प्रयत्न त्यांनी केला, पण हात ऐकेनात. काळं करता करता वर डावीकडे आले की पेन्सिल आपोआप उचलली जायची. घरी कन्येने विचारलं, की बाबा, चाचणीत उजेड कुठून येतो? मी म्हणालो, चाचणीत उजेड नसतो, बाहेर आल्यावर असतो. दुसऱ्या दिवशी हे वाक्य फळ्यावर लिहिलेलं सापडलं, खाली माझं नाव.

खूप डोकं खाजवल्यावर मला सुचलं, की मुलांकडून काही काढून घ्यायचं तर बदल्यात दुसरं काही द्यायला हवं. मी म्हणालो, गोटी विसरा. हे विहिरीचं तोंड आहे. आपण वरून वाकून बघतोय. विहीर इतकी खोल, की आत काही म्हणता काही दिसत नाही. झालं! हात बसले. गोल काळे मिट्ट होऊ लागले. एकाने विहिरीच्या तळाला चमकणारं पाणी दाखवलं, त्याला मी उन्हाळा असल्याचं सांगितलं.

ते कागद मशीनमध्ये घालायचे म्हटल्यावर गणिताचे सर घरी आले. आले होते पराभव बघायला. एकेक चिठ्ठी बाहेर येत गेली आणि प्रत्येक गोल वाचला गेला. सर मशीनभोवती दोनदा फिरले, टेपने मशीन मोजलं, आणि मग त्यांना राहवेना. म्हणाले, मी एक भरून बघू? त्यांनी भराभर बरोबर उत्तरांच्या गोलांवर तपासताना करतात तशा बरोबरच्या खुणा केल्या. मशीनने त्यांची उत्तरपत्रिका परत पाठवली. बायकोने त्यांना चहा दिला. त्या दिवशी मी दोन कप घेतले.

चाचणी झाली. निकाल आला. एकही पेपर परत आला नव्हता. गुण म्हणाल तर ठीकठाक होते. पण वाचता न आलेला एकही नाही, हे सगळ्या शाळांमध्ये आमच्या एकट्या शाळेच्या नशिबी आलं होतं. बाईंनी मला ऑफिसात बोलावून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हॉल तुमचा, सर." मी वर जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या, एका स्टुलावर बसलो आणि नुसता हसत राहिलो.

हा आनंद आठवडाभर टिकला. मग वरच्या ऑफिसातून आदेश आला. आपल्या शाळेने गोल भरण्यात दाखवलेली प्रगती लक्षात घेता, आसपासच्या सर्व शाळांच्या शिक्षकांना व मुख्याध्यापकांना गोल भरण्याचं प्रशिक्षण याच शाळेत द्यावं. दर शनिवारी, दुपारभर, शाळेतल्या सर्वांत मोठ्या व उजेडाच्या खोलीत. पुढील आदेश होईपर्यंत. शनिवार दुपार म्हणजे माझा तास. ज्यांना चित्राची खरी ओढ आहे अशी सगळ्या वर्गांतली पोरं त्या दुपारी हॉलमध्ये येतात, कोणी बोलावलेलं नसताना. बाई फार मायेने म्हणाल्या, की हॉल तुमचाच आहे, फक्त शनिवारी तेवढा… हरलो असतो तर व्हरांडा मिळाला असता. जिंकलो आणि तोही गेला. गणिताचे सर सांत्वनाला आले. त्या माणसाला खरंच वाईट वाटलं असावं, कारण टेप त्यांनी खिशातच ठेवली.

पहिल्या शनिवारी हॉल गच्च भरला. निरनिराळ्या शाळांचे गणितवाले, विज्ञानवाले, भाषावाले, बुटक्या टेबलांशी गुडघे आखडून बसलेले. आमच्या बाई पहिल्या ओळीत. मी फळ्यावर गोल काढला, विहिरीचं सांगितलं, सगळ्यांनी एकेक ओळ भरून दाखवली. आणि संपलं. गोल भरण्यात शिकवण्यासारखं एवढंच असतं. काही शंका आहेत का, असं मी विचारलं. कोणाला शंका नव्हती. पण आदेशाप्रमाणे हजेरीच्या सह्या दुपार संपल्यावरच व्हायच्या होत्या, आणि तोवर कोणालाही सोडायचं नाही म्हणून शिपाई रजिस्टर घेऊन दाराबाहेर बसला होता. सगळे माझ्याकडे बघू लागले. गणिताच्या सरांनी वर्तमानपत्र उघडलं. मागे कोणीतरी घोरलं.

माझा हॉल, भर दुपारचा उजेड, इतक्या पेन्सिली टोक करून तयार, आणि घोरणं! माझं डोकं पुन्हा फिरलं.

"सगळ्यांनी पायातलं एक काहीतरी उतरवा," मी म्हणालो, "आणि समोर टेबलावर ठेवा."

कोणी हललं नाही. मग बाईंनी वाकून आपली डाव्या पायातली चप्पल हातात घेतली, जराशी झटकली आणि टेबलावर ठेवली. त्यांचं बघून बाकीच्यांनी बूट, सँडल, जे असेल ते वर घेतलं. मी म्हणालो, आता दिसतं तसं रेखाटा. पेन्सिल तीच चालेल, नमुन्याप्रमाणे.

आधी खूप हसणं झालं. आपल्याला येत नाही, असं प्रत्येकाने निदान दोनदा सांगितलं. मग हळूहळू आवाज कमी झाला. माना खाली गेल्या. विज्ञानाच्या एका बाईंची जीभ बाहेर आली. गणिताच्या सरांनी आधी टेप काढून बूट लांबीरुंदीत मोजला, मग टेप बाजूला ठेवली आणि नुसतेच बघत राहिले. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "माझा बूट इतका दमलाय, हे मला माहीत नव्हतं हो." त्यांनी अंगठ्याजवळचा फुगवटा फार चांगला धरला होता. मी तसं म्हटल्यावर ते अगदी सातवीतल्या पोरासारखे लाजले. पुढच्या शनिवारी काय घेऊन यायचं, असं कोणीतरी मागून विचारलं, आणि आमच्या शाळेतली शनिवारची पोरं आणली तर चालतील का, हे मी लगेच विचारून घेतलं. बाईंनी मान न उचलता हो म्हटलं.

घंटा झाली. कोणी उठलं नाही. शिपाई रजिस्टर घेऊन आत आला, दाराशी उभा राहिला, खाकरला. मग पहिल्या टेबलापाशी जाऊन म्हणाला, बाई, वेळ झाली, सह्या.

"थांबा हो जरा," बाई म्हणाल्या. "टाच राहिली आहे."

शिपायाने त्यांच्या कागदाकडे पाहिलं, टेबलावरच्या चपलेकडे पाहिलं, सगळ्या हॉलभर नजर फिरवली. मग रजिस्टर कपाटावर ठेवलं, पायातली एक वहाण काढून हातात घेतली आणि मला हळूच विचारलं, "सर, पेन्सिल आहे का एखादी जास्तीची?"